मायची राहिलेली पात

१

यादोराव मिस्त्री हाटेलात गेला का भिंतीकडं तोंड करून बसे. बाकी लोकं रस्त्याकडं बसतात, येनाऱ्या-जानाऱ्याले पाहत जेवतात. याले कोनाचं थोबाड पाह्यचं नसे. धानाच्या मिलीचा मिस्त्री तो, गाव सानगडी. कोठं रबर रोल घासला, कोठं पालिसच्या मशीनची शाफ्ट वाजून राहिली, का तुमसरवरून भैय्यालाल सेठ फोन करे, "यादो, निंघ!" अन् हा हत्याराची थैली फटफटीले लटकवून निंघे. तुमसर, पवनी, लाखांदूर, तिकडं पार बपेऱ्यापावतो. दिवसभर मशीनची खडखड कानात. म्हनून दुपारच्या जेवनाले त्याले मानूस नको, बोलनं नको, अन् सगळ्यात पयले म्हंजे वरन-भात नको.

आता धानाच्या मुलखातला मानूस अन् वरन-भात नको म्हनते! तुमी म्हनाल, डोस्कं फिरलं याचं. तं ऐका.

त्याची माय, देवकाबाई, मागच्या आखाडात गेली. रोवना, म्हंजे धानाची लावनी, चालू होता. रोवन्यात हरेक बाई आपली पात धरते, म्हंजे बांधीतली, पान्यानं भरलेल्या वावरातली, एक पट्टी. मंग वाकून, मांगं मांगं सरकत, चिखलात धानाचे परे, म्हंजे रोपं, खोचत जाते. दुपारी बाकीच्या बाया जेवाले धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, चढल्या. देवकाबाई म्हने, "तुमी बसा व. मी एवढी पात लावून येतो." बाया आपापलं फडकं सोडून जेवाले बसल्या. बुढी वाकल्या वाकल्या गुनगुनत होती. गुनगुननं बंद झालं म्हनून बायाइनं पाह्यलं, तं ते तोंडघशी चिखलात. मुठीत परे तसेच. पात अर्धी. अन् धुऱ्यावर तिचा वरन-भाताचा डब्बा, फडक्यात बांधलेला, गाठबी न सोडलेली.

यादोराव तवा तुमसरले मिलीत होता. आला तवर मायचं तोंड बायाइनं धुतलं होतं.

तवापासून वरन-भाताचं ताट समोर आलं का त्याले ते फडकं दिसे. घास तोंडात फिरे, खाली उतरत नसे. मनात एकच. माय उपाशी गेली. म्हनून त्याले असं जेवन पाह्यजे होतं ज्यात माय नाही. जे तिनं कधी रांधलं नाही, चाखलं नाही. एक डाव त्यानं नूडलचं पार्सल घरी आनलं होतं, तं मायनं त्यात डोकावून पाह्यलं अन् म्हनली, "काय गा, हे त गांडुळं होत! आपल्या धुऱ्यावर कमी पडले काय?"

बस. तेच धरलं त्यानं. चायनीज खाय. एकटा. भिंतीकडं तोंड करून.

२

चायनीजचे हातगाडे त आता गावोगाव झाले. कोबी अन् लाल रंग, त्याले चायनीज म्हनतात. ते नाही मी सांगत. कारध्याले, वैनगंगेच्या जुन्या पुलाजवळ, एक लांबोळकं हाटेल होतं. पाटीवर लिवलं होतं 'असली चायनीज', अन् मालकबी असलीच होता. लीबाबा. बाप कलकत्त्याचा, आजा चीनचा. नागपूरच्या मोठ्या हाटेलात रांधून रांधून बुढा झाला, बायको मेली, अन् नदीकाठ पाहून इथंच बसला. नवा रस्ता बाहेरून गेला, त्याच्यासंगं गिऱ्हाईक गेलं. बुढा नाही गेला. दिवसभर टीव्हीवर क्रिकेट पाहे अन् बॅटिंग करनाऱ्याले शिव्या देये.

पयल्याच दिवशी दोघाचं वाजलं.

"एक मंचुरियन."

"नहीं है."

"मंग पाटी कायले टांगली बे?"

"चीन में मंचुरियन कोई नहीं जानता. वो तुम लोग का है. बैठना है तो बैठो, जो बना है वो खाओ."

यादोरावचं डोकं सनकलं. उठला बी. पन भूक कुत्र्यावानी मांगं लागली होती, पुन्हा बसला. लीबाबानं आनून आपटलं: अद्रक घालून वाफवलेला नदीचा मासा, पालेभाजीचं पातळ पानी, अन् चिनी मातीच्या वाटीत भात. पांढरा, गिचका, बोटाले चिकटनारा. भात पाहून यादोराव वाटी सरकवनारच होता. पन वास घेतला तं त्यात घरचा वास नव्हता. एक घास घेतला. उतरला. किती महिन्यानं भात गळ्याखाली उतरला, त्याचे डोळेच भरून आले. मानूस तापट, डोळ्यातलं पानी बुढ्याले कसं दाखवन?

"मीठ कमी हाय," तो खेकसला.

"तुम्हारा मुँह में ज्यादा है," बुढा म्हने.

पन मिठाची बशी आनून ठेवली. तवापासून जमलं. यादोराव कारध्यावरून गेला का तथीच जेवे. कोपऱ्यातला टेबल भिंतीले लागून. इकडं एक खुर्ची, त्याची. तिकडं एक, भिंत अन् टेबलाच्या मधात दाबलेली, रिकामी. तिच्यावर कोनाले बसाचं म्हनलं तं टेबल सरकवाच लागे.

३

दिवाळी झाली, मिली धडाडून चालू झाल्या. एक दिवस यादोराव भैय्यालाल सेठसंगं भांडून आला. बेल्ट बदलाचा का नाही, एवढ्यावरून. डोकं तापलेलं. टेबलाशी बसला, लीबाबानं भाताची वाटी आधीच आनून ठेवली, मासा चुलीवर होता. वाटीजवळ दोन काड्या. चिनी लोकं ज्यानं जेवतात त्या. यादोराव कधी त्याइले हात लावत नसे, चमच्यानं खाय. पन रागात हाताले चाळा पाह्यजे. त्यानं एक काडी उचलली. अंगठा अन् दोन बोटं. भातात खोचली, बोटानं दाबली, सोडली. दुसरी उचलली, तिच्या बाजूले खोचली, दाबली, सोडली.

धानाच्या घरचा मानूस तो. चालता येत नव्हतं तवापासून मायच्या मांगं चिखलात बसून परे खोचलेले. गिचका भात हाताले लागला अन् हातानं आपलं काम केलं. मनात काही नव्हतं. दोनी काड्या उभ्या राहिल्या, जसा आताच लावलेला परा.

लीबाबा मासा घेऊन आला अन् थबकला. मासा आपटला, दोनी काड्या सर्रकन उपटल्या.

"ऐसा नहीं करते!"

"काहून? भाताले दुखलं काय?"

"ऐसे मरे हुए को देते हैं." बुढ्याचा आवाज बसला होता. "किसके लिए लगाया?"

"कोनासाठी नाही गा! हात फिरला उगाच."

लीबाबानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाह्यलं, काड्या खिशात टाकल्या अन् टीव्हीसमोर जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं कोनाले शिव्या दिल्या नाही.

यादोरावनं चमचा घेतला. भाताकडं पाह्यलं. काड्या निंघाल्या तथी दोन भोकं पडली होती. त्या भोकात पानी भरत होतं. हळूहळू, खालून वर. बांधीतून परा उपटला का तथी पानी भरते ना, तसं. मातकट.

४

मिस्त्री मानूस. आवाज आला तं बेरिंग पाहन, पानी आलं तं वर पाहन. यादोरावनं वर पाह्यलं. छत कोरडं. कूलर तं पलीकडच्या कोपऱ्यात, अन् थंडीमुळं बंद. भात ओला असन, वाफेचं पानी असन, असं स्वतःले सांगतलं अन् वाटी सरकवून दिली. मशीन कधी खोटं बोलत नाही, मानूस बोलते, हे तोच साऱ्याइले सांगे. म्हनून त्यानं वाटीले दोष देल्ला नाही. आपल्याच डोळ्याले देल्ला.

पुढच्या खेपेले आवाज आला.

मासा खात होता तं समोरून, टेबलाच्या पल्याडून, चप्. थोडं थांबून, चप्. मंग चप्, चप्, अन् एक जरा लांबचा थांबा. त्यानं टेबलाखाली वाकून पाह्यलं. काही नाही. उठून मोरीत गेला, नळ घट्ट पिळला. रांधनखोलीत डोकावला. लीबाबा कांदा चिरून राहिला होता, त्याच्या सुरीचा आवाज निराळा.

"बाबा, तुले आवाज येते काय?"

"कैसा आवाज?"

"ओला."

"हमको कुछ नहीं आता." बुढ्यानं कांद्यावरून नजर उचलली नाही. पन बाहेर येऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

यादोराव पुन्हा बसला. टीव्हीत लोकं बोंबलून राहिले होते, तरी त्याच्या खालून ते येतच होतं. चप्. चप्. अन् त्याच्यासंगं वास. अद्रकाचा नाही, माशाचा नाही. आखाडातल्या बांधीचा, कुजक्या गवताचा, गढूळ पान्याचा. समोरच्या खुर्चीखालची फरशी ओली होती.

त्यानं जेवन तसंच टाकलं, नोट ठेवली, फटफटीले लात मारली अन् साकोलीपावतो थांबला नाही.

५

कारधं सोडलं त्यानं. बुढा येडा हाय, त्याच्या हाटेलात सीलन हाय, भिंती ओल मारतात, असं मिलीत सांगत सुटला. तुमसरले एक नवं चायनीज उघडलं होतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर ड्रॅगन, टेबल सारे चकचकीत. काड्या नव्हत्याच, काटे-चमचे होते. यादोराव मनात म्हने, झक मारली त्या बुढ्यानं.

कोपरा धरला. तोंड भिंतीकडं. भात मांगवला. वेटरनं भाताचं ताट आनलं, काटे-चमचे मांडले, ग्लास ठेवला, मंग समोरच्या खुर्चीपुढंबी एक ग्लास ठेवला.

"एकटा हाय मी."

"सॉरी काका," तो वेटर म्हने. "मले वाटलं, संगं बाई हाये."

"कोन बाई?"

"आताच तं..." त्यानं दाराकडं पाह्यलं, खुर्चीकडं पाह्यलं, अन् ग्लास न उचलताच गेला.

यादोरावचा पारा चढला. म्यानेजरले बोलवतो, काचा फोडतो, असं मनात आलं. अन् तेवढ्यात त्याची नजर आपल्या हातावर गेली. हात भाताच्या ताटात होता. एक काटा उभा, एक चमचा उभा, त्याच्या बाजूले दुसरा काटा उभा, सरळ एका ओळीत. अन् अंगठा दाबून राहिला होता.

हे कवा केलं, त्याले ठाऊक नव्हतं.

समोरून आवाज सुरू झाला. चप्. चप्. चप्, मंग लांबचा थांबा. अन् तवा त्याले तो थांबा समजला. मुठीतले परे सरले का बाई पाठीमांगची पऱ्याची नवी पेंडी उचलते, सोडते, मूठ भरते, अन् पुन्हा वाकते. तेवढाच थांबा. जगात कोनतं मशीन असं थांबत नाही.

"माय?" तो हळूच म्हने.

आवाज थांबला.

आजूबाजूले लोकं हासून-खेळून जेवून राहिले होते. बाहेर ट्रक हार्न मारून राहिला होता. यादोराव, ज्याच्या आवाजानं मिलीतले हमाल दचकत, तो ड्रॅगनच्या भिंतीसमोर लेकरावानी बसला होता. शेवटी म्हने, "माय, जेव ना व."

त्यानं ताट समोर सरकवलं.

मंग, चप्.

तिले जेवाले सवड नव्हती. पात राहिली होती ना.

६

मंग त्याची भीती गेली. म्हंजे गेली नाही, पन तिच्यापेक्षा मोठं काही येऊन बसलं. माय उपाशी गेली, तं आता तिले एक डाव जेवू घालाचं. एकच डाव. तिचं पोट भरलं का ते जाईन, आपल्यालेबी घास उतरन. तो पुन्हा लीबाबाकडं गेला. बुढ्यानं दोन वाट्या आनून ठेवल्या, काड्या ठेवल्या, अन् तोंड फिरवलं.

यादोराव काड्या खोचे, म्हने, "जेव." आवाज येत राहे. समोरची वाटी तशीच राहे, पान्यानं भरलेली. अन् त्याच्या वाटीतला भात पुन्हा गळ्यात अडकू लागला. बाई कामाले लागली हाय, अन् आपन गिळाचं? मासा टाके, भात टाके, निस्तं बसून राहे. होळी झाली, उन्हाळी धान कापून झालं, पुन्हा आखाड लागला, तवर त्याच्या शर्टात दुसरा मानूस मावे एवढा तो वाळला.

त्याची बायको रत्नमाला काही मुकी बाई नव्हती.

"आरशात पाह्यलं काय कधी? बांधीतलं बुजगावनं बरं दिसते तुमच्यापेक्षा."

"तोंड सांभाळ."

"सांभाळलं वर्षभर. बाहेर चायनीज खाता म्हनता, तं जाते कोठं ते?" तिनं समोर भाकर ठेवली. "ऐका. उद्या आपल्या बांधीचा रोवना हाय. बाया सांगून ठेवल्या. मायची पात मागच्या साली कोनी लावली नाही, कोनाचा हात धजला नाही. तथी गवत माजलं. यंदाबी ते तशीच ठेवाची काय?"

"ठेवाची."

"काहून?"

"मी म्हनतो म्हनून!"

"मी त तुमच्यासाठी सोडतो ते पात. दुसरी कोनी लावनार नाही. तुमी या, तुमी लावा." अन् मंग आवाज उतरवून म्हने, "तुमी उपाशी राहून माय जेवन काय? बुढी कधी तुमच्याआधी जेवली होती काय, सांगा बरं मले?"

यादोरावनं भाकर भिंतीवर फेकून मारली. रत्नमालानं ते उचलली, पदरानं पुसली, अन् दुरडीत ठेवून देल्ली. त्याच्याकडं पाह्यलंबी नाही. ते त्याले जास्त लागलं.

७

दुसऱ्या दिवशी तो बांधीत गेला नाही. सकाळीच फटफटी काढली. बायाइचे रोवन्याचे गाने रस्त्यापावतो ऐकू येत होते, अन् त्यानं गाडी अशी पळवली जसं कोनी हाका मारून राहिलं हाय.

कारध्याले पोचला तवा भर दुपार. नदी फुगलेली, ढग पांगून ऊन पडलेलं. हाटेलात कोनी नाही. लीबाबा टीव्हीसमोर.

"बाबा, हाय तेवढा भात आन. वाट्या आन. काड्या आन, साऱ्या."

बुढ्यानं त्याच्याकडं पाह्यलं. "किसका काम है, मिस्त्री?"

"मायचं. अर्धं राहिलं."

यादोरावले वाटलं, बुढा हाकलन. बुढा उठला. कोपऱ्यातला टेबल तसाच ठेवून बाकीच्या खुर्च्या बाजूले केल्या, टेबलाले टेबल जोडले, भिंतीपासून पार दारापावतो. वाट्या आनल्या, दबादबा भात भरला, एकीमांगं एक मांडल्या. काड्याचा मुठा यादोरावच्या हातात देल्ला. मंग टीव्ही बंद केला, आपली खुर्ची उचलली, अन् भिंतीकडं तोंड करून बसला.

यादोराव भिंतीजवळून वाकला. अंगठा अन् दोन बोटं. खोचली, दाबली, सोडली. मांगं सरकला.

समोर आवाज नव्हता. दुसऱ्या वाटीले नव्हता, तिसरीले नव्हता. मंग आला. पन समोरून नाही, बाजूनं. डाव्या हाताले, वीतभर अंतरावर. बाजूच्या पातीतली बाई जेवढ्यावर असते, तेवढ्यावर. चप्. यानं खोचली का तिनं खोचली. तो मांगं सरकला का पान्यात पाय काढल्याचा आवाज होये, तेबी मांगं सरके. गुनगुननं सुरू झालं. शब्द नव्हते. लहानपनी तो त्या गुनगुनन्यावर धुऱ्यावर झोपून जाय.

त्यानं डावीकडं पाह्यलं नाही. मान अकडली, कंबर मोडाले आली, तरी नाही पाह्यलं. पायाखाली फरशी होती, हे त्याले ठाऊक होतं. पन पाय घोट्यापावतो गार पडले होते, अन् बोटाच्या फटीतून काहीतरी मऊ वर येत होतं.

दाराजवळ शेवटची वाटी. शेवटच्या काड्या. खोचली, दाबली, सोडली.

आवाज थांबला. गुनगुननंबी.

त्या शांततेत खिशातला फोन वाजला. रत्नमाला.

"अवो, तुमी आले होते काय बांधीत?"

"नाही."

"खरं सांगा. बाया जेवाले वर चढल्या तवा मायची पात रिकामी होती. मी सकाळी गवत काढून तुमच्यासाठी ठेवली होती." तिचा श्वास लागला होता. "आता ते लागली हाय. पुरी. धुऱ्यापावतो."

"कोन्या बाईनं लावली असन."

"साऱ्या माझ्यासमोर बसल्या हायत. कोनी उठली नाही." मंग बारीक आवाजात म्हने, "अन् परे पाह्यले मी. तिरपे लावले हायत. मायसारखे."

फोन त्याच्या हातात तसाच राहिला. तिकडं बायाइचा कालवा ऐकू येत होता, कोनीतरी रडत होतं. त्यानं फोन ठेवून देल्ला.

पात झाली. आता जेवन.

तो चालत कोपऱ्यात आला, आपल्या खुर्चीवर बसला. समोरची खुर्ची भिंतीपासून सरकलेली होती. टेबलावर लीबाबानं आधीच ठेवलेल्या दोन वाट्या. त्यानं एक पुढं ढकलली, डोळे खाली ठेवूनच.

"झालं ना व तुझं काम? जेव आता."

काही नाही. वाटीले कोनी हात लावला नाही. बाहेर पुलाखालून नदी वाहून राहिली होती, तेवढाच आवाज. वाट पाहून पाहून त्याले राग येऊ लागला, तोच जुना, कपाळातला. एवढं केलं, तरी नाही? काय पाह्यजे हिले अजून? तो ओरडनारच होता, अन् त्याले रत्नमालाचं बोलनं आठवलं. बुढी कधी तुमच्याआधी जेवली होती काय?

नाही जेवली. कधीच नाही. तो मिलीतून कितीबी उशिरा येवो, चुलीजवळ बसून राहे. "भूकच नोती गा," म्हने.

यादोरावनं आपली वाटी जवळ घेतली. भात पान्यात बुडालेला होता. गढूळ पानी, त्यात गवताचं एक पातं तरंगत होतं. वास तोच. ज्या चिखलात मायचं तोंड होतं, त्याचाच. दार उघडं होतं, फटफटी बाहेर उभी होती, मानूस उठून जाऊ शकत होता.

त्यानं हातानं घास केला अन् तोंडात घातला. दाताखाली रेती करकरली. गिळला.

उतरला.

तवा समोरून आवाज आला. फडक्याची गाठ सुटल्याचा. ओली, आवळून बसलेली गाठ नखानं सोडाव लागते, तसा. मंग डब्ब्याचं झाकन. अन् मंग खानं. हळू, दात नसलेल्या तोंडानं, पचपच. लय दिवसाचं उपाशी मानूस लाज राखून जेवते, तसं.

लीबाबाची पाठ हालली नाही. पन भिंतीकडं तोंड करून बुढा काहीतरी पुटपुटत होता, आपल्या भाषेत, आपल्याच कोनाले तरी.

यादोराव दुसरा घास घेऊन थांबला. अळनी होतं. त्यानं फक्त थोबाड वाकडं केलं, तोंडातून शब्द नाही काढला.

टेबलावरून मिठाची बशी त्याच्याकडं सरकत आली. तिच्यासंगं बोटं आली. फुगलेली, पांढरी, दिवसभर पान्यात राहून सुरकतलेली. नखात काळा चिखल. मनगटावर हिरवं गोंदन, जे त्यानं लहानपनी बोटानं गिरवलं होतं. बोटं बशी सोडून क्षनभर तथीच थांबली, त्याच्या हातापासून घासभर दूर.

त्यानं मान वर केली नाही. वर केली तं काय दिसन, हे त्याले ठाऊक होतं. ते तोंड बायाइनं धुतल्यावरच त्यानं पाह्यलं होतं. धुवाच्या आधीचं नव्हतं पाह्यलं.

त्यानं मीठ घेतलं.

"बस झालं, माय," तो म्हने. "तू जेव."

अन् खाली मान घालून, वाटी रिकामी होयपावतो, मायच्या संगं जेवत राहिला.